अंतर: वापरासंबंधी टिपण

नाव: अंतर.
काम: दोन ठिकाणं दिली की मधली वाट मोजून देतं.
घेतं: कुठून, कुठे, कशाने.
देतं: किलोमीटर आणि मिनिटं, दशांशासकट.
एवढं लिहून झालं तेव्हा कॉलेज रोडवरची दुकानं
नुकती शटर वर करत होती.

वाचणारा माणूस नाही,
हे बोरस्ते सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
वाचणारा एजंट आहे.
तू 'साधारण' लिहिलंस तर साधारण म्हणजे किती
हे विचारायला तो तुझ्या टेबलाशी येणार नाही.
म्हणून मी 'साधारण' खोडलं.
'जवळच' खोडलं.
'हाकेच्या अंतरावर' तर मनातल्या मनातच,
कारण हाक कुणाची, हे पुन्हा सांगावं लागलं असतं.

दुपारी चाचणी.
कुणा काल्पनिक सुनेचा निरोप:
सासूबाईंचं डायलिसिस साडेतीनला संपतं,
द्वारकेहून इंदिरानगरला आणायचंय, किती वेळ धरू?
एजंटने साधन उचललं, अगदी माझ्या शब्दाबरहुकूम,
आणि नम्रपणे कळवलं:
नऊशे किलोमीटरच्या वर, सतरा तास.
वाटेत बडोद्याला मुक्काम करावा.

सगळी खोली हसली.
हर्षदाने तर म्हातारीच्या हातात द्वारकाधीशाचा प्रसादही दिला.
मीही हसले, आणि हसता हसता
माझीच ओळ पुन्हा वाचली:
'ठिकाणाचं नाव द्यावं.'
त्याने दिलं होतं.

मग लिहीत सुटले.
एका नावाची दोन ठिकाणं असू शकतात.
पंचवटी हा नदीपलीकडचा भाग आहे,
आणि सकाळी मुंबईला जाणारी गाडीही आहे;
गाडीपर्यंतचं अंतर हे साधन सांगू शकत नाही.
नाशिक आणि नाशिकरोड एक धरू नयेत.
शंका असल्यास मोजू नये. आधी विचारावं.

'मर्यादा' या मथळ्याखाली मी असंही लिहिलं:
पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं
की रविवार कारंजा ते पंचवटी हे अंतर
कालचं राहत नाही.
सर म्हणाले, हे त्याला काय कळणार?
म्हटलं, मारुती नाही कळला तरी
'कालचं राहत नाही' एवढं कळू दे.
त्यांनी ती ओळ राखाडी केली.
म्हणजे फाइलमध्ये आहे, चालवली जात नाही.

संध्याकाळी घरी जाताना रौफभाईंच्या रिक्षात
सहज विचारलं, द्वारका ते इंदिरानगर किती हो?
मीटरवर त्यांचा रुमाल वाळत होता.
आरशातून माझ्याकडे बघून ते म्हणाले,
कधी?

कधी म्हणजे?

कधी म्हणजे कधी. दुपारी दोनला वेगळं, सहाला वेगळं.
सहाला त्या बोगद्यात शिरलात
तर चहा पिऊन या, मी तिथेच असेन.

कुठून, कुठे, कशाने.
तीन आठवडे मी त्या तीन शब्दांना इस्त्री करत होते
आणि चौथा रिक्षात बसला होता.

रात्री पुन्हा संगणक उघडला.
कधी: निघण्याची वेळ. आवश्यक.
न दिल्यास 'आत्ता' धरू नये;
विचारणारा बहुधा नंतरचं विचारत असतो.
सर सकाळी म्हणतील, हे पुढच्या आवृत्तीत बघू.
म्हणू देत.

तोच निरोप पुन्हा पाठवला.
कर्सर दोनदा लुकलुकला.
मग एजंटने लिहिलं:
कोणती द्वारका? नाशिकमधलं सर्कल का?
आणि निघणार किती वाजता?

खुर्चीत मागे टेकले.
उत्तर द्यायला खरं तर कुणीच नव्हतं, ती सून मीच रचलेली.
तरी घड्याळ पाहिलं.
साडेतीन केव्हाच होऊन गेले होते,
आणि दवाखान्याच्या पायरीशी म्हातारी अजून बसलेली,
दंडावरचा कापसाचा बोळा
दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरत.