वजनाचा कागद

प्रवाशाचं वजन पंच्याहत्तर किलो धरायचं,
हातातल्या पिशवीसकट.
मूल असेल तर पस्तीस. तान्हं दहा.
एकोणीस वर्षं दाबोळीला मी हाच कागद भरतो:
पुढच्या कप्प्यात किती, मागच्या कप्प्यात किती,
तोल कुठे पडतो.
काजूची खोकी धरून.
आखातातून कुणाची पेटी आली तर तीही धरून.

सकाळी धावपट्टी नौदलाची,
आमची विमानं दुपारी.
तोवर कँटीनमध्ये बातमी गरम असते.
म्हणे आपण त्यांच्यात जाणार,
म्हणे ते आपल्यात येणार,
म्हणे दोन्ही मिळून तिसरीच कंपनी, नाव ठरायचंय.
सुलक्षणा केरकर चार नंबरच्या काउंटरवरून येते,
पोय फाडता फाडता विचारते,
"सिनिऑरिटीची यादी कुणाची धरणार?"
त्यावर कुणी बोलत नाही.
चहावर साय धरते.

मंगळवारी बांबोळीच्या हॉटेलात बोलावलं सगळ्यांना.
गुडगावहून आलेला तिशीतला मुलगा,
पडद्यावर बाण,
सगळे वर जाणारे.
आमच्या तोट्याला तो 'प्रवास' म्हणाला.
सामान ओढायचे ट्रॅक्टर विकले, त्याला 'हलकं होणं'.
नागपूर बंद केलं, मग हुबळी,
आणि त्याच वेळेला त्याच वाटेनं
दुसऱ्यांची विमानं भरून जाऊ लागली,
त्याला काय म्हणाला ते मी लिहून घेतलं नाही.
मोपाला अर्धं ऑफिस हलवलं होतं.
खुर्च्या गेल्या, माणसं इथेच राहिली.
वर्षानं खुर्च्या परत आल्या, दोन मोडक्या.
शेपटीवरचा पक्षी बदलायला मात्र पैसे होते.
आधीचा निदान उडत होता.
हा नुसताच एक पंख.

शेवटी आनाक्लेत फुर्तादो उठला,
तीस वर्षं इंजिनात कोपरापर्यंत हात घातलेला माणूस.
माइक नको म्हणाला.
"साहेब, एक पार्ट हवा होता, माझ्या मुठीएवढा.
सतरा दिवस विमान उभं.
साळुंकीनं इंजिनात घरटं केलं, तीन अंडी घातली.
ती अंडी हलवायला मी मेल केला, मेल!
तुमच्या बाणांत हे खंय बसता?"
हॉल हसला.
मुलगाही हसला, अगदी मनापासून,
आणि म्हणाला, प्रश्न लिहून पाठवा.

मग जेवण. पनीर,
आणि काटे काढलेली कसलीशी मासळी.
सुलक्षणानं ताटलीत चमचा फिरवून पाहिला.
"काढायचं ते ह्यांनी आधीच काढलंय," म्हणाली.

खरं सांगू?
त्या दुसऱ्या कंपनीचा पगार एक तारखेला होतो.
त्यांच्या लोडरांच्या बुटांना तळवे आहेत.
आमचा पगार दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता देवाच्या हातात.
मी घरी म्हटलंही, होऊन जाऊ दे एकदाचं.
बायकोनं विचारलं, "झालं तर तुम्हाला घेतील?"
मी उठून पंखा वाढवला.

रात्री साडेअकराची स्टाफ बस.
चिखलीच्या वळणावर ड्रायव्हर आतले दिवे घालवतो,
झोपणाऱ्यांसाठी.
मी सवयीनं मोजतो:
पुढे नऊ, मागे चौदा.
तेवीस गुणिले पंच्याहत्तर,
सतराशे पंचवीस किलो,
जेवणाच्या डब्यांसकट,
आनाक्लेतच्या खिशातल्या पान्यासकट.
मागची बाजू जरा जड,
पण मर्यादेत आहे, सही करता येईल.
कुठल्याही विमानाच्या पोटात मावेल एवढं.
ऐन वेळी खाली उतरवून ठेवलं
तर उड्डाणाला उशीर होणार नाही, एवढंच.

"वास्को कोण?" ड्रायव्हर विचारतो.
सुलक्षणा झोपेतच
हात वर करते.