पान एक्केचाळीस

रॉक हिलच्या छापखान्यातून प्रूफं आली
मंगळवारी, केळ्यांच्या रिकाम्या खोक्यात.
मोझेलने चष्मा पुसला, पानं उलटली,
आणि एक्केचाळीसवर थांबली.

मूळ वही तिच्या पणजीच्या वेळची.
कुणी एक अभ्यासक आला होता, उन्हाळाभर ओसरीवर बसला,
विचारत गेला: पाणी? कुत्रा? मीठ? काल?
पणजी सांगत गेली, हात मातीतच,
कारण भांडं अर्धवट सोडलं तर काठ चिरतो.

त्याची पेन्सिल तिच्या जिभेमागे लंगडत धावलेली.
एका शब्दावर तीन प्रश्नचिन्हं.
समासात बारीक अक्षरांत: 'इथे बाई हसली.'
का हसली, ते नाही लिहिलं.
त्याचा उच्चार ऐकूनच हसली असेल.

नदीला इस्वा. तेवढं इथल्या पोरांनाही येतं.
पण भांडं घासून चमकवायचा तो गुळगुळीत दगड,
आईकडून लेकीकडे आलेला,
आत्ताही मोझेलच्या खिशात असलेला,
त्याला काय म्हणायचं?
वहीत नाही.
त्याच्या यादीत दगड होता, नुसता दगड.
पुढचं त्याने विचारलंच नाही.

आणि पान एक्केचाळीसवर, 'काल'च्या शेजारी,
मातीचा अंगठा.
पणजीचा. रेषांसकट.
वाकून बघायला गेली असेल
आपला आवाज कागदावर कसा दिसतो ते.

तिच्या आधीच्यांनी सरकारी कागदांवर फुल्या मारल्या
आणि नदीकाठ गेला.
हा अंगठा कुणी मागितला नव्हता.

प्रूफात मात्र पान लख्ख.
'काल' एकटाच, आंघोळ घातल्यासारखा.

तिने फोन लावला. ब्रँटली नावाचा पोरगा, आवाज गोड.
'मॅडम, ओरिजिनल खराब होतं, आम्ही साफ करून दिलं.
त्याचे पैसे नाही लावले.'
मोझेल काही क्षण गप्प.
खिशातला दगड अंगठ्याखाली फिरत राहिला.
मग लाल पेन्सिलीने समासात लिहिलं, मोठ्या अक्षरांत:
डाग परत घाला.

आणि हो, ती फोनवर म्हणाली,
शेवटच्या शब्दसूचीत 'दगड'खाली
एक ओळ कोरी सोडा.
नंबर द्या, पूर्णविराम द्या, पुढे काही नको.

पलीकडे की-बोर्डची टकटक.
'कोरी ओळ? मग सगळी पानं सरकतील, मॅडम.
त्याचे मात्र पैसे पडतील.'

'लाव,' मोझेल म्हणाली.