बू दरियाचे दात

मुहर्रकच्या गल्लीत, दवाखान्याच्या मागे
आठ बाय दहाची माझी खोली.
प्लास्टर, गुलाबी मेण, ॲक्रिलिकचा वास,
फळीवर लोकांचे जबडे, नावांच्या चिठ्ठ्या लावलेले.
सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो दारात उभा राहिला,
काटकुळा, घामाने भिजलेली वही छातीशी.
म्हणाला, दात हवेत.
कुणाला?
मेलेल्याला. बेचाळीस. दोन रांगांत.

मी हर्णैचा. चेष्टा मला लगेच कळते.
ही चेष्टा नव्हती.
बू दरिया, तो म्हणाला,
रात्री मोत्यांच्या होड्यांवर चढतो,
बुडणाऱ्याच्या आवाजात हाका मारतो,
हात द्यायला जो वाकला, तो गेला.
दर्या? मी म्हटलं, हा तर आमच्याकडचा शब्द.
मग दातही तुमच्याकडचेच होऊ देत, तो म्हणाला,
आणि पैसे न देता गेला.

सुरूर फैरूज.
आजा मोत्यांच्या गलबतावर गाणारा,
बाप सित्राच्या तेलटाक्यांवर रात्रपाळीचा पहारेकरी.
पोरगा उघड्या थेटरात खुर्च्या पुसायचा,
तिकिटाला पैसे नाहीत म्हणून
पडद्यामागच्या वाळूत बसून सिनेमे बघायचा,
सगळे उलटे. डावखुरे शिपाई, आरशातली अक्षरं,
चुकीच्या गालावर तीळ असलेल्या नायिका.
पुढे लोक विचारायचे, भीती कुठे शिकलात?
म्हणायचा, मागच्या बाजूला.

पहिला सिनेमा अकरा मिनिटांचा,
मामीच्या न्हाणीघरात.
भूत झालेला कुट्टप्पन ड्रायव्हर टबात बुडी मारायचा
आणि दर वेळी खोकत वर यायचा.
सुरूरने तो खोकला ठेवला.
तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.
दुसऱ्या सिनेमाला नऊ माणसं आली,
त्यात मी, कुट्टप्पन, आणि एक पंखा दुरुस्त करणारा.
त्या वर्षी त्याने गाडी विकली.
माझे दातांचे पैसे तेव्हाही राहिले.

मग समुद्र मागे जाऊ लागला.
रात्रंदिवस ट्रक, रात्रंदिवस वाळू;
होड्या लागायच्या तिथे गाड्यांचं दुकान.
सुरूर रोज संध्याकाळी काठ शोधत चालायचा,
परत येऊन माझ्या स्टुलावर बसायचा,
कुणाचातरी जबडा उगाच उघडझाप करत.
एकदा म्हणाला, अस्नान
(मला तो दातच म्हणायचा, नाव कधी घेतलं नाही),
आता तो बिचारा काय करत असेल?

चार वर्षं लागली.
म्हातारा बू दरिया, अर्धे दात पडलेला,
पाणी दिसतं का बघायला
पार्किंगच्या इमारतीचे सहा मजले चढतो.
वरून हाक मारतो: वाचवा.
पहारेकरी येतो, वाकतो,
त्याला थंड पाण्याची बाटली देतो.
एवढंच. एवढ्यावर परक्या गावातले लोक
उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, असं ऐकलं.
तिथे तो म्हणाला, भूत माझं, दात हर्णैचे;
एका पेपराने छापलं,
हर्णै ही मुखवट्यांची जपानी पद्धत आहे.
बक्षीस त्याने बहिणीकडे ठेवलं.
मला हॉटेलातला टूथब्रश आणला.

साखरेने त्याचे दात गेले, एकेक करून.
माप घ्यायला तोंड उघडलं तेव्हा
तीस वर्षांत पहिल्यांदा माझा हात हलला.
बेचाळीस दातांचं काम मी झोपेत करीन,
हे अठ्ठावीस साधे, पिवळसर, माणसाचे.
बसवले. आरसा दिला.
तो बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, हा कोण?
मग म्हणाला, एक सुळा थोडा लांब कर,
कुणाला कळणार नाही इतकाच.
केला.

फेब्रुवारीत त्याला नेलं.
मय्यत धुणाऱ्या म्हाताऱ्याने
टिश्यूत गुंडाळून कवळी माझ्याकडे पाठवली,
कुणी सांगितलं त्याला, ठाऊक नाही.
फळीवर ठेवली आहे, चिठ्ठी लावायची राहिली.
पूर्वी भरतीच्या रात्री खोलीच्या पायरीपर्यंत
पाण्याचा आवाज यायचा.
आता तीन किलोमीटर वाळू मध्ये.
तरी काल दिवा मालवताना
कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं
आणि मी, हर्णैचा माणूस, सगळं माहीत असून,
वाकलो.