वीस मिनिटं

सव्वीस वर्षं मी एकच धडा दाराआडून ऐकतोय.
दर जुलैत तांडेल मॅडम फळ्यावर
औषधाच्या कॅप्सूलसारखी लांबट आकृती काढतात
आणि म्हणतात, "याला केंद्रक नसतं."
मागच्या बाकावर कुणीतरी हसतं.
मी ट्रेमधल्या काचपट्ट्या पुसत असतो.

केंद्रक नाही, म्हणजे देवासाठी वेगळी खोली नाही.
दिवागावातल्या आमच्या जुन्या घरासारखं:
एकच खोली, तिच्यातच चूल, तिच्यातच बाळंतपणं,
तिच्यातच फळीवर जमिनीच्या कागदांची गुंडाळी.
गुंडाळीला मॅडम डीएनए म्हणतात.
उलगडली तर पेशीच्या जवळजवळ हजारपट भरते म्हणे.
आमची एकदाच उलगडली, सिडकोच्या टेबलावर.
पुन्हा तशी घडी बसली नाही.

भिंत मात्र लागते.
आतून एवढा दाब, की भिंतीवाचून पाण्यात फुटतील.
पेनिसिलिन अंगावर धावून जात नाही,
ते फक्त भिंत बांधू देत नाही.
फुटतात मग आपापले.

जांभळा रंग एक मिनिट, मग आयोडीन, मग अल्कोहोल.
जाड भिंतीचे जांभळेच राहतात.
पातळ भिंतीचे रंग सोडतात, त्यांना मागाहून गुलाबी करावं लागतं.
माझी बोटं पहिल्या जातीची.
मतदानाच्या दिवशी शाळेत बाईंनी माझं नख धरलं,
म्हणाल्या, "तुमचं झालंय की."
मी त्यांना ग्रॅम समजावत बसलो.
मागची रांग ओरडायला लागली.

ओहोटीला खाडीकडून वारा फिरला
की पोरं नाकाला रुमाल लावून खिडक्या ओढतात.
त्या चिखलात आम्ही गुडघाभर उतरून निवट्या धरायचो,
आणि ऐरोलीच्या शाळेत आमच्या बाकावर कुणी बसायचं नाही.
वास या बारक्यांचा असतो, मॅडम म्हणाल्या,
हवा नाही तिथं ते गंधकावर जगतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चाळिशीत होतो.
म्हणजे वास आमचा नव्हता.

यंदा वाढीच्या आलेखाला निलोफर मुकादम होती,
कौशाहून पहाटे निघून साडेसातला हजर.
दर अर्ध्या तासाला नळी यंत्रात, आकडा वहीत.
शून्य पॉइंट शून्य चार. पुन्हा शून्य पॉइंट शून्य चार.
"काका, मेले वाटतं हे."
"मेले नाहीत. जागा नवीन आहे, भांडी लावतायत."
दहानंतर आकडा पळायला लागला.
वीस मिनिटांत एकाचे दोन;
वहीतल्या हिशोबानं रात्री आठचा एकटा
सकाळी सहाला शंभर कोटींच्या वर.
प्रत्यक्षात कुठलं. खाणं संपतं,
आपल्याच घाणीत थबकतात.
तीन वाजता रेघ आडवी झाली.

मायक्रोस्कोपमधून मान न काढता ती म्हणाली,
"हा बघा, मधोमध चिमटलाय.
काका, यातली आई कुठली?"
मी पाहिलं. शाळा सुटल्यावर
एकाच गणवेशातल्या दोघी दिसाव्यात, तशा.
मॅडम म्हणाल्या, दोन्ही मुलीच.
मग आई?
मेली असती तर प्रेत असतं.

पुस्तकात शेवटचा उतार त्यांचा त्यांनीच उतरायचा असतो.
इथं सहाला वॉचमन कुलूप घालतो,
म्हणून तो उतार माझ्याकडे.
एकशे एकवीस अंश, पंधरा पौंड, वीस मिनिटं.
तेवढ्यात एकाचे दोन झाले असते.

तीस तारखेला माझी नोकरी संपते.
माझ्या जागी येणाऱ्या पोराला सांगून ठेवलंय,
आत ठेवताना झाकणं सैल कर,
आवळलीस तर फुटतील.

काल निलोफरचं जर्नल टेबलावर उघडं होतं.
दोन पेशी, मध्ये नवी भिंत, सगळीकडून बाण:
भिंत, पटल, रायबोसोम, कशाभिका.
एका बाणापुढं तिनं काहीच लिहिलं नव्हतं.
मॅडमनी तिथं लाल पेननं प्रश्नचिन्ह काढून
अर्धा मार्क कापलाय.