मारायचं नाही असं औषध

दसऱ्याच्या आधीचा आठवडा. जत्राटला, वेदगंगेच्या अंगाला
पायगोंडा पाटलांची तंबाखू गुडघ्याला लागलेली.
बाटली त्यांनी डोळ्यांपासून लांब धरली, मग माझ्या हातात दिली.
"कन्नडात हाय. तूच वाच."
वाचलं : हे रोगाला मारत नाही.
"मग मारायचं कशाला?"

खरंच, आपल्याकडे औषध मारतातच.
अळीला मारतात, तणाला मारतात,
पाठीवर पंप चढला की देवमाणूसही मारेकरी.
हे मात्र पानाला नुसती हाळी देतं,
जागं हाईस न्हवं?

चार ओळींवर फवारलं, चार ओळींवर नुसतं पाणी.
सहाव्या दिवशी बुडाचं एकेक पान निवडून
रोगट पानाचा रस बोटानं चोळला,
बाळाच्या छातीला तेल चोळावं
तितक्या हळू. लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ठिपके :
धोतरावर विडीची ठिणगी पडावी तसे, तपकिरी, कोरडे.
रोग पुढे सरकू नये म्हणून
पान आपलीच आळी पेटवून देतं
आणि जळता जळता वर निरोप धाडतं.
वरच्या पानांनी रोग बघितलेलाही नसतो,
तरी ती आतून कड्या लावून घेतात.

निरोपाला वास असतो म्हणे. संशोधन केंद्रातल्या यंत्राला तो येतो.
मी वाकून हुंगलं :
तंबाखूचाच ठसका, दुसरं काही नाही.

घरी आईच्या मलमाची ट्यूब, शेपटीपासून गुंडाळत आणलेली.
पाठीवर मुंगीएवढी अक्षरं : मिथाइल सॅलिसिलेट.
तेच नाव. यंत्राच्या कागदावरचं.
एकतीस वर्षं निपाणीच्या वखारीत चाळण हलवून
तिची मनगटं रात्री बोलतात.

"जैनबीला मुकादमानं ढकललं, तवा दुपार हुती,"
ती म्हणाली, मी काही विचारलं नसताना.
"दिवं लागायच्या आत पल्याडच्या तीन वखारींत
बायकांनी चाळण्या खाली ठेवल्या.
सांगाय कोण गेलतं,
आजून कुणाला ठावं न्हाई."

पुसात कापणी. फवारलेल्या ओळी स्वच्छ,
पण बुटक्या.
पाटलांनी पान तळहातावर तोललं :
"रोग न्हाई, खरं वजन बी न्हाई."
मी वहीत लिहिलं : उंची, चार बोटं कमी.
कारणाचा रकाना कोरा ठेवला.
साहेब भरतील.

आई माझ्या खांद्याला लागते, जेमतेम.
झोपेतही तिचा एक कान दाराकडे.
मलम चोळायला
मला वाकावं लागतं.