निळी पाटी

शिडी मी धरतो, ड्रिल गुलझमान.
निळ्या पत्र्यावर तीन आकडे:
इमारत, झोन, रस्ता.
चार स्क्रू. एक घर झालं.
दिवसाला साठ घरं, जूनमध्ये चाळीस,
कारण दोहाची भिंत तेव्हा तव्यासारखी असते.

गाडीत नगरपालिकेचा नकाशा आहे.
शहराच्या वड्या पाडल्यात त्यात,
मधल्या चौकोनी, समुद्राकडच्या
सुरी घसरल्यासारख्या.
एक रेघ तर चक्क कुंजहमदच्या टपरीतून जाते.
किटली या झोनमध्ये, गल्ला त्या.
परवाना कुणी द्यायचा
यावर साहेबलोक दोन महिने बोलतायत.
तो वेलची कुटतो दोन्हीकडे.

एका जुन्या घराच्या दारात म्हातारी आली,
तोंडावर बतूला, हातात जपमाळ.
मोडक्या हिंदीत म्हणाली,
हा फरीज माझ्या आजेसासऱ्यांच्या नावाचा.
मोती काढणाऱ्यांची अठरा घरं होती,
भाकरी करपली तरी कुणाची ते कळायचं.
हा चोवीस कोण?
गुलझमान म्हणाला, चोवीस तुम्हीच, अम्मा,
ॲम्ब्युलन्सला सापडावं म्हणून.
ती काही बोलली नाही. खजूर दिले.

पुढचे दोन रस्ते ती डोक्यातून जाईना.
नाव जातंय म्हणून तिला लागलं.
मला तर पहिल्या आठवड्यात
हलकं वाटलं होतं.

आमच्या गावाला सात वाड्या.
कुठली वाडी, एवढं विचारलं
की पुढचं विचारावं लागत नाही.
पाण्याचा तांब्या हातात द्यायचा
की वरून ओतायचं, ते तेवढ्यात ठरतं.
शाळेच्या फॉर्मवर, नोकरीच्या, पासपोर्टच्या,
मी मुक्काम लिहिला, पोस्ट, तालुका, जिल्हा.
वाडीची जागा कोरी.
पोस्टमन तरी बरोबर यायचा.
कोऱ्या जागेलाही पत्ता असतो.

इथे विचारतात, झोन किती?
आकड्याला आडनाव नसतं असं वाटून
पहिली पाटी मी रुमालाने पुसली होती.
मग आमच्या कॅम्पचा झोन कळला.
आणि तो आकडा सांगितला की
टॅक्सीवाला आरशात एकदा बघतो,
तेही.

गेल्या वर्षी एक पाटी चुकीची छापून आली.
भंगारात जायची ती मी बॅगेत टाकली,
सुट्टीत घरी नेली.
आईने हंड्यावर ठेवलीय.
गंजत नाही रे, म्हणते, झाकण म्हणून बरी.
दाराला लाव म्हटलं तर म्हणाली,
दार सगळ्यांना माहीत आहे.

काल फोनवर सांगत होती,
नवीन ग्रामसेवक आला होता, घरं मोजायला.
उन्हाचा आला, पाणी मागितलं.
मी पाटी उचलली, तांब्या भरला,
पुढे केला, आणि बघत राहिले
की हा हात पुढे

तिथेच रिचार्ज संपला.
आज पगार आहे. दुकान कॅम्पच्या समोरच आहे.
मी अजून गेलेलो नाही.