रताळ्याचा भाव

आई विचारते, कसलं होतं गाव?
उचगावच्या बाहेर, वेंगुर्ला रोडच्या कडेला
पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून बसलीय ती,
एकेक रताळं गोणपाटानं पुसत.
मी म्हणतो, मार्सेय.
मार्शी?
बरं, मार्शी.

सकाळी आठला जहाज धक्क्याला लागलं.
पाहुणे बसमधून गेले, टोप्या, गॉगल,
छातीवर नंबराचं स्टिकर,
आणि त्यांच्या चादरी खाली आमच्याकडे आल्या.
अकरापर्यंत मी इस्त्रीच्या मशिनवर.
अकरा ते सहा पास.
पाच महिन्यांत पहिल्यांदा
पायाखाली न हलणारी जमीन,
खरं मीच हलत होतो, आई.
फुटपाथवर उभा राहिलो तर गुडघे लाट शोधायचे.
ईरण्णा म्हणाला, बा ले, आणि हाताला धरून चालवलं मला,
दारुड्याला घरी न्यावं तसं.

कोण ईरण्णा?
बैलहोंगलचा. माझ्या वरच्या बंकवर झोपतो.
एक नोव्हेंबरला गावात असता
तर त्याच्या गळ्यात पिवळा-तांबडा पट्टा असता,
माझ्या दंडावर काळी फीत.
जहाजावर त्या दिवशी आम्हां दोघांना
चार हजार उशांचे अभ्रे होते.
रात्री तो म्हणाला, आज काय तारीख रे?
मी म्हणालो, मंगळवार.

डोंगरावर एक देवी आहे तिथं,
सोन्याची, कडेवर पोर, सगळ्या बंदरातून दिसते.
ईरण्णा म्हणाला, सौंदत्ती.
मी म्हणालो, येडा काय, हळद कुठाय?
बसला पैसे पडतात म्हणून चालत चढलो.
दारात त्यानं बूट काढले.
आतल्या गोऱ्या बाईनं बघितलं त्याच्या मोज्यांकडे,
भोक पडलेल्या,
आणि काही बोलली नाही.
वर छताला जहाजं टांगलेली, आई,
दोरीनं, लहान लहान, शिडांसकट.
बुडता बुडता वाचलेल्यांनी वाहिलेली.

नवसाची, आई म्हणते.
तिला हे समजवावं लागलं नाही.

समुद्र किती निळा ते तिनं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
तसं मला आठवतंय ते
एका वळणावरचं भाजीचं दुकान.
टोमॅटो, वांगी, कसली कसली पानं,
आणि कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यात
रताळी.
दहा मिनिटं उभा होतो.
ईरण्णा म्हणाला, पोरगी असल्यागत बघतोस की.
पाटीवर किलोचा भाव. मनात रुपये केले,
परत केले, चुकलो असेन म्हणून.
साडेतीनशेच्या वर.

आईचा हात थांबतो.
मला वाटलं, आता कपाळाला लावील,
यार्डातल्या दलालाचं नाव घेईल.
ती विचारते, माती होती अंगाला?
नाही. धुतलेली होती.
मग शिळी असणार, ती म्हणते,
आणि पुढचं उचलते.

एक घेतलं आम्ही. एकच.
दुकानदारानं वजन करून पिशवीत घातलं,
कागदाची पिशवी, दागिन्याला देतात तशी.
रात्री लाँड्रीत ओल्या नॅपकिनात गुंडाळून
वाफेच्या पाइपावर ठेवलं.
पाऊण तासानं शिजलं.
सुपरवायझर फिलिपिन्सचा, वास घेत आला,
तोही बसला टोपलीवर.
तिघांत एक रताळं.

गोड होतं?
तसं नव्हतं गं. पाणचट.
ईरण्णा म्हणाला, ह्याला मीठ लाव.
मी म्हणालो, ह्याला उचगाव लाव.

आई हसत नाही. पोत्यातून वेचून
आठ-दहा बाजूला काढते, लांबट, लालचुटूक,
मातीसकट.
बैलहोंगलची बस किती वाजता असते रे?
तो सुट्टीवर नाही, आई. जहाजावरच आहे,
आता बहुतेक माल्टाजवळ.
मग त्याच्या घरी. घरी कोण असेल की नाही?

टेम्पो आला.
ड्रायव्हरनं काचेतून डोकं काढून भाव विचारला.
आईनं भाव कन्नडात सांगितला,
त्यानं कमी करायला लावल्यावर शिवी मराठीत.
दोन्ही त्याला कळलं.
मी पोतं खांद्यावर घेतलं.
पाय अजून जरा रुंद पडतात.